दाण्यातलं पाणी: कॉफीच्या भाजणीच्या नोंदी, गोकुळपेठ, नागपूर

८ नोव्हेंबर

आजपासून लिहून ठेवणार. गेल्या पंधरा दिवसांत नऊ घाणे भाजले आणि नऊही डोक्यात एकमेकांत मिसळून गेले. कोणता कधी उतरवला, आच किती होती, काही सांगता येत नाही.

हे सगळं दादाच्या लक्ष्मीनगरच्या दुकानासाठी. आजवर तो भाजलेली कॉफी बाहेरून मागवत होता. पाकिटावर कधी कर्नाटकातलं चिकमगळूर लिहिलेलं असायचं, कधी आंध्रातलं अराकू. पाकीट फोडलं की दाणे सारखेच काळेकुट्ट, तेलानं चकचकीत, आणि चव एकच, जळकी. शेवटच्या खेपेवर भाजल्याची तारीखही नव्हती. वेगवेगळ्या डोंगरांवरचा माल एकाच चवीचा लागत असेल तर त्या डोंगरांनी आणि तिथल्या माणसांनी वर्षभर केलेलं सगळं भट्टीत गेलं म्हणायचं. मला ते सहन झालं नाही. म्हणून कच्चे दाणे मागवले. कोणत्या दाण्याला कुठवर भाजायचं, हे आता आपणच शोधायचं.

माल आला आहे तो असा: चिकमगळूरची अरेबिका (कॉफीच्या दोन मुख्य जातींतली एक), धुतलेली, म्हणजे फळाचा गर काढून मग वाळवलेली, वाण एस ७९५, व्यापारी भाषेत ‘प्लँटेशन ए’. वायनाडचा रोबस्टा, ही दुसरी जात, फळासकट वाळवलेला, म्हणजे ‘चेरी’. मॉन्सून्ड मलबार, म्हणजे पावसाळी वाऱ्यात मुद्दाम फुगवलेले दाणे. आणि अराकूची अरेबिका, तीही फळासकट वाळवलेली. सगळं तागाच्या गोण्यांत, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. एस ७९५ ची गोणी मोठी होती, त्यातले दोन किलो आईच्या गव्हाच्या जुन्या स्टीलच्या कोठीत घट्ट झाकण लावून ठेवले.

११ नोव्हेंबर

ड्रम दोनशे ग्रॅमचा आहे, हातानं फिरवायचा, खाली गॅसची शेगडी. ज्यानं बनवून दिला त्यानं तापमानाची सळई ड्रमच्या मध्यावर बसवली होती. दाणे तळाशी फिरतात, सळई वर हवेत. त्यामुळे दाणे तडतडायला लागले तेव्हा आकडा २२५ दाखवत होता. अरेबिकाची पहिली तडतड साधारण १९६ अंशांना होते, म्हणजे मी पंधरा दिवस हवेचं तापमान पाहत होते. सळई खाली घेतली, आता ती दाण्यांच्या ढिगात बुडते.

मग तपासली. बर्फाच्या पाण्यात शून्य, उकळत्या पाण्यात ९९. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी शंभरच्या थोडं आधीच उकळतं. सळई बरोबर आहे.

प्रत्येक दाणा २५० मिलीच्या मापात सैल भरून तोलला. रोबस्टा १८३ ग्रॅम, अराकू १८०, एस ७९५ १७८, मलबार फक्त १४१. माप तेच आणि जवळजवळ चाळीस ग्रॅमचा फरक. मलबारचा दाणा हातात घेतला तरी कळतं, फुगीर, फिकट पिवळा, चुरमुऱ्यासारखा हलका.

१४ नोव्हेंबर

एस ७९५, पहिली खरी नोंद. ड्रम १८० वर असताना दाणे टाकले. थंड दाण्यांमुळे आकडा धडाधड उतरला, दीड मिनिटाला ८८ वर थांबला आणि परत चढू लागला. तिसऱ्या मिनिटाला ओल्या गवताचा वास. पाचव्या मिनिटाला, १५० च्या आसपास, हिरवा रंग जाऊन पिवळा आला आणि वास बदलला, चुलीवर भाकरी पापुद्रा धरते तेव्हा येतो तसा. इथून पुढे दाणा तपकिरी होतो, दाण्यातली साखर आणि प्रथिनं मिळून चवीचा मोठा भाग इथेच तयार करतात. सातव्या मिनिटाला फोलपटं उडायला लागली.

८ मिनिटं ४० सेकंदांना, १९४ वर, पहिला आवाज. मग दुसरा, मग एकदम चारपाच. आत कोंडलेली वाफ आणि वायू दाण्याला आतून फाडून बाहेर पडतात, त्याचा हा आवाज. ज्वारीच्या लाह्या फुटतात तसाच, फक्त जरा दबका. मी हात न थांबवता मोजत राहिले. एक वाजून गेला होता. दादा गच्चीवर आला. ‘काय करून राह्यली एवढ्या रात्री?’ मी बोट ओठांवर ठेवलं. तोही ऐकत उभा राहिला.

चार घाणे काढले. आवाज सुरू झाल्यावर एक मिनिटानं, एक मिनिट चाळीस सेकंदांनी, अडीच मिनिटांनी, आणि चौथा दुसरी तडतड सुरू होताच, २२४ ला. दुसरा आवाज अगदी वेगळा, बारीक, कोरडा, पापड मोडल्यासारखा. चारही चाळणीत ओतून टेबल फॅनखाली तीन-साडेतीन मिनिटांत गार केले. गार करायला उशीर झाला तर दाणा आतल्या आत भाजतच राहतो.

वजनातली घट अनुक्रमे १२.६, १४.१, १५.३ आणि १८.४ टक्के.

१९ नोव्हेंबर

पाच दिवस दाणे मुरू दिले. ताज्या भाजलेल्या दाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघत असतो, दुसऱ्याच दिवशी चाखलं की जिभेवर नुसता चुरचुरीतपणा येतो आणि चव मागे राहते. आज चाखणी. काचेच्या ग्लासात १८० मिली पाणी, १० ग्रॅम भरड, पाणी ९३ अंश. चार मिनिटांनी वरची साय चमच्यानं मोडली, नाक ग्लासाला लावून. दहा मिनिटांनी पहिला घोट, मग गार होईपर्यंत परत परत.

एक मिनिटाचा: कच्च्या चिंचेसारखा आंबट, मागे शेंगेचं हिरवेपण. एक चाळीसचा: गूळ, थोडी संत्र्याची साल, आणि गार झाल्यावर चव आणखी मोकळी. अडीचचा: गोड पण सपाट. चौथा: त्या पाकिटातल्या कॉफीचा भाऊ. चिकमगळूर कुठे गेलं, कळत नाही.

बाबांना काही न सांगता चारही दिले. त्यांनी एक चाळीसचा ग्लास जवळ ओढला आणि म्हणाले, ‘हे नाक धरून प्यायलं तरी कळंल.’ मात्र दूध घातल्याबरोबर त्यांनी तोच ग्लास बाजूला सारला. ते स्वतंत्र काम आहे, नंतर बघेन.

३० नोव्हेंबर

वायनाडचा रोबस्टा. एस ७९५ च्या हिशेबानं काढला आणि फसला. चव भिजवलेल्या कडधान्याची, शेवट कडू. रोबस्टात साखर कमी, कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, आंबटपणा फारसा नाही. त्यामुळे कमी भाजून जपण्यासारखं त्यात थोडंच असतं, त्याला आत पूर्ण शिजवावं लागतं. ड्रम १९० वर टाकला, पण पिवळा झाल्यावर आच कमी करून वेळ वाढवला. दुसऱ्या तडतडीचे पहिले तीनचार आवाज झाले की बाहेर. १२ मिनिटं १०, घट १७.३ टक्के. भाजलेला शेंगदाणा, कोको, जाड अंग. कडूपणा आहे, पण आता तो टोचत नाही.

९ डिसेंबर

एस ७९५ चा एक घाणा मुद्दाम हळू केला. तडतड सुरू होताच घाबरून गॅस फार कमी केला, आवाज मधेच विरला. तापमान दीड मिनिट १९५ वरच अडकलं. रंग सुरेख, घट १४ टक्के, म्हणजे आकड्यांत सगळं ठीक. कपात काहीच नाही. शिळ्या पोळीचा कोरडा कडा चावल्यासारखं. रंगावर आणि वजनावर विसंबायचं नाही, हे आज पक्कं झालं. तडतडीत शिरताना आच थोडी आधीच कमी करायची, सुरू झाल्यावर घाबरून नाही.

१८ डिसेंबर

मलबार. या मालाची कथा मला फार आवडते. शिडाच्या जहाजांतून कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायची. कित्येक महिने खारी, दमट हवा खाऊन दाणे फुगायचे, पिवळे पडायचे, आंबटपणा जायचा. तिकडच्या लोकांना तीच चव आवडू लागली. पुढे प्रवास छोटा झाला, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, दाणे हिरवेच पोहोचू लागले आणि गिऱ्हाईक जुनी चव मागू लागलं. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत उघड्या बाजूंच्या गोदामांत कॉफी पसरून, उलथापालथ करून, वारा पाजून ती मुद्दाम तशी करू लागले. आता त्याला भौगोलिक मानांकनही आहे.

पण भाजायला अवघड. ड्रम १८० ला टाकला तर दाण्याच्या पोटावर काळे चट्टे. पोकळ अंग, बाहेरून आच लागते आणि आत पोहोचत नाही. दुसरा घाणा १५८ ला टाकला, पहिली चार मिनिटं मंद आच. पहिली तडतड इतकी हलकी की ड्रमच्या खरखरीत ऐकूच येईना, कान ड्रमजवळ नेऊन ऐकली. दुसऱ्या तडतडीच्या जरा आधी काढला. घट १७ टक्के, यात पाणीच जास्त असतं त्यामुळे. चव जुन्या सागवानी कपाटाची, जायफळाची, आंबटपणा शून्य. सगळ्यांना आवडेल असं नाही, पण दुसऱ्या कशासारखी नाही.

४ जानेवारी

अराकू. पूर्व घाटात, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास आदिवासी शेतकऱ्यांनी सावलीत पिकवलेली. आजचा घाणा वाया. फळासकट वाळवलेल्या दाण्याला साल जास्त, फोलपटं ट्रेमध्ये साचली होती, मी आधीच्या घाण्याची काढली नव्हती. सहाव्या मिनिटाला ट्रेनं पेट घेतला. गॅस बंद केला, ओला बारदाना टाकला. कोणाला काही झालं नाही. दाण्यांना धुराचा वास बसला, फेकावे लागले. यापुढे प्रत्येक घाण्यानंतर ट्रे रिकामा, शेजारी वाळूची बादली.

१० जानेवारी

अराकू परत. टाकताना १६८, मधली आच सौम्य, तडतडीनंतर १ मिनिट २० ला बाहेर, घट १३.४. पिकलेल्या जांभळाची चव, शेवटी थोडा तुरटपणाही जांभळाचाच. वीस सेकंद जास्त ठेवला तर जांभूळ जाऊन मनुका येतो. मला जांभूळ हवं आहे.

२ फेब्रुवारी

परतवाड्याची मावशी लग्नाला आली आणि पिशवीतून चिखलदऱ्याची कॉफी घेऊन आली, सव्वा किलो! महाराष्ट्रात कॉफी पिकते हे कित्येकांना माहीत नसतं. मेळघाटात, अकराशे मीटरवर, इंग्रजांच्या काळापासून लावलेली झाडं आहेत. आपल्या विदर्भातली कॉफी नागपुरात क्वचितच कोणी प्यायलं असेल. अंगणात फळासकट वाळवून, हातानं सोललेली. दाणे लहानमोठे, काही हिरवे, काही तपकिरी, काहींना किडीचं टाचणीएवढं भोक.

पहिला १०० ग्रॅमचा घाणा फार वाईट झाला. लहान दाणे जळले तेव्हा मोठे जेमतेम तडतडत होते. वर काही दाणे फिक्के ते फिक्केच राहिले. ते कच्च्या फळांतले, साखरच भरलेली नसते, म्हणून रंग धरत नाहीत. असे दहा ग्रॅम वेगळे वेचून, दळून चाखले. शेंगदाण्याच्या टरफलाचं पाणी. ग्लासात असे दोनचार दाणे आले तरी चांगली चव खातात.

६ फेब्रुवारी

इतवारीत फुटाण्याच्या भट्टीवर गेले. लहानपणी बाबांसोबत जायचे तीच भट्टी. काकांनी कढईतल्या तापलेल्या वाळूत चणे टाकले, झाऱ्यानं दोनदा फिरवले, चाळून काढले आणि ढीग करून ठेवून दिले. दुसऱ्यांदा नंतर भाजायचे. मी लहानमोठ्या दाण्यांचं विचारलं. ते म्हणाले, ‘लहानमोठा तर चाळून घ्या, ते सोपं हाये. खरी गोष्ट वेगळी. नवा चना अन् जुना चना एका घाण्यात टाकत नाई. नवा आतून ओला राह्यते. जुना आधीच सुकला. आच तेच, पण जुना पहिले जळते.’

मी चाळण्याचं तेवढं ऐकलं आणि खूश होऊन घरी आले. बाकीचं वहीत लिहून ठेवते, कधी लागेल.

१५ फेब्रुवारी

चिखलदऱ्याची कॉफी दोन चाळण्यांतून काढली, भोकाचे आणि फुटके दाणे ताटात घेऊन निवडले. आई आणि मावशी दोघी बसल्या, तांदूळ निवडतात तशा, गप्पा मारत. १,१५० ग्रॅमचे ८२० उरले. मोठे वेगळे भाजले, लहान वेगळे. लहान १६० ला, मोठे १७२ ला. तडतडीनंतर दोन्ही दीड मिनिटानं बाहेर, भाजल्यावर फिक्के परत वेचले.

कपात मोहाच्या फुलांचा गोडसरपणा, थोडी माती, गार झाल्यावर किंचित लिंबू. नीट निवडली, वाळवली तर हा माल कोणाच्याही पंगतीला बसेल. मावशीला सांगितलं, पुढच्या हंगामात लालच फळं तोडायला सांग, दोन पैसे जास्त देऊ.

९ मार्च

बाबांची दुधाची कॉफी. तरुणपणी ते सदरच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये बसायचे, त्यांना दाट, गडद, दुधाला पुरून उरणारी हवी. कमी भाजलेल्या अरेबिकाचा आंबटपणा दुधात ताकासारखा लागतो, म्हणून नोव्हेंबरात त्यांनी ग्लास सारला होता. एस ७९५ जरा पुढे नेला, तडतडीनंतर पावणेतीन मिनिटं, आणि त्याच्या सात भागांत वायनाडचे तीन. दोन्ही वेगवेगळे भाजून मग एकत्र, कच्चे मिसळून नाही. पितळी फिल्टरमध्ये रात्री लावली. सकाळी बाबा म्हणाले, ‘चिकोरी कोणती घातली?’ चिकोरी, म्हणजे कॉफी दाट लागावी म्हणून मिसळतात ती मुळाची पूड, घातलीच नव्हती. दादानं दुकानात हेच लावलं.

३ मे

गडबड. एस ७९५, नोव्हेंबरचा हिशेब, १८० ला टाकला, आच तीच. तडतड ७ मिनिटं १५ ला! दीड मिनिट आधी. कप लाकडी, गोडवा गेलेला. वायनाडही पुढे पळाला. बाहेर ४४ अंश आहे, गच्चीवर उभं राहवत नाही, म्हणून हवेचा दोष धरला.

५ मे

पहाटे पाचला भाजला, २९ अंशांत. तडतड ७ मिनिटं ३० ला. म्हणजे निव्वळ हवा नव्हे.

दिवसभर वही चाळत बसले आणि ६ फेब्रुवारीच्या पानावर थांबले. जुना चणा आतून सुकलेला असतो. सहा महिने या गोण्या पत्र्याच्या खोलीत आहेत आणि मार्चपासून नागपूरची हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात.

८ मे

मैत्रीण कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, तिच्या ओव्हनमध्ये दाणे १०५ अंशांवर १६ तास ठेवून वजनातली घट पाहिली. गोणीतला एस ७९५: पाणी ८.४ टक्के. व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवर नोव्हेंबरात १०.९ होतं. आणि कोठीतला, तोच माल, तीच गोणी, फक्त झाकणाखाली ठेवलेला: १०.६.

हा आकडा पाहून मी उठून उभी राहिले. कोठीची मला आठवणच नव्हती. गोणी जड झाली म्हणून मी ते दोन किलो काढले होते, आता तेच पुरावा झाले.

११ मे

एकाच दुपारी, एकाच शेगडीवर, पाठोपाठ. प्रत्येक घाण्याआधी ड्रम परत १८० वर आणला. आधी गोणीतला, मग कोठीतला, मग परत गोणीतला, म्हणजे ड्रम तापत गेल्याचा संशय नको.

पहिली तडतड किती मिनिटांना, ते असं. गोणी: ७:१०. कोठी: ८:२०. गोणी: ७:०५.

कोठीतल्या दाण्यानं नोव्हेंबरपेक्षा फक्त वीस सेकंद कमी घेतले, तेवढा उन्हाचा भाग. उरलेलं सगळं पाण्याचं. दाण्यातलं पाणी आच पिऊन घेतं, ते उडेपर्यंत दाणा पुढे जात नाही, आणि तेच पाणी आच आतपर्यंत नेतं. ते कमी झालं की बाहेरचं अंग पळत सुटतं आणि गाभा मागे राहतो. मी सहा महिने ‘एस ७९५ ला १८०’ असं लिहीत होते. ते वाणाचं माप नव्हतंच, त्या वाणात १०.९ टक्के पाणी असतानाचं होतं. आता प्रत्येक हिशेबाच्या डोक्यावर पाण्याचा आकडा लिहिते आहे.

१६ मे

गोणीतला दाणा वाचवता येतो का? १६२ ला टाकला, आच एक चतुर्थांश कमी. तडतड ८:३० ला आणली. आधीपेक्षा बराच बरा कप, गूळ थोडा परतला. संत्र्याची साल नाही परतली. मागे तागाचा जुनाट वास आहे तो भाजणीनं जाणार नाही. हा माल आता दुधाच्या मिश्रणात, थोडा गडद करून वापरायचा, काळा प्यायला द्यायचा नाही.

दादा म्हणाला, गोण्या कूलरसमोर ठेवू, ओल परत येईल. नको म्हटलं. वरून लागलेली ओल आत सारखी शिरत नाही आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. मलबारवाले तेच काम चार महिने, रोज उलटसुलट करून करतात, आपण कूलरसमोर एका रात्रीत काय करणार?

मलबारही तपासला. आला तेव्हा १३ टक्के होता, आता १०.१. म्हणूनच एप्रिलमध्ये १५८ लासुद्धा चट्टे पडत होते. आता १४८.

२४ मे

पत्र्याची खोली रिकामी केली. सगळा माल आतल्या खोलीत, जाड हवाबंद पिशव्यांत पाच-पाच किलो, वर तागाची गोणी. एक पिशवी संपेपर्यंत दुसरी उघडायची नाही. पिशवीवर नाव, आल्याची तारीख, पाणी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दहा ग्रॅम मैत्रिणीच्या ओव्हनमध्ये. पावसाळ्यात आकडा उलटा चढेल का, तेही बघायचं आहे.

संध्याकाळी इतवारीत जाऊन काकांना पाव किलो अराकू देऊन आले. ते कॉफी पीत नाहीत. त्यांनी चार दाणे दाताखाली फोडले, चावले आणि म्हणाले, ‘आतून बी बराबर भाजला.’

चिखलदऱ्याचे मोठे दाणे १८० ग्रॅम शिल्लक आहेत. तेही झाकणाखालीच होते, पाणी १०.८. उद्या पहाटे साडेपाचला भाजते, टाकताना १७२. बाबांनी दूध न घालता प्यायचं कबूल केलं आहे.